खट् केलं की फूल!

खट्! पिवळं फूल. खट्! लाल फूल. खट्! खट्! खट्! बघता बघता टेबलावर फुलांचा सडा.

फुलाच्या आकाराचा पंच एकदा हातात आला की तो खाली ठेववत नाही, हो ना? आधी नवा रंगीत कागद संपतो. मग जुन्या कॅलेंडरची पानं, भेटवस्तूंवरचा चकचकीत कागद, मागच्या वर्षीच्या लग्नपत्रिका असं एकेक पुढे येतं. शेवटी आई विचारते, ‘‘अरे, विजेचं बिल कुठे ठेवलंय कुणी?’’ आणि आपण घाईघाईने कागदांचा ढीग चाळायला लागतो.

पंचाशी मैत्री करायला चैत्र महिना अगदी छान. एक तर परीक्षा संपत आलेल्या असतात. पाडव्याला दारावर तोरण लागतं. चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर बसते ती थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत. हळदीकुंकू असतं, आंब्याची डाळ असते, पन्हं असतं आणि गौरीपुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास असते. आजी म्हणते, ‘‘यंदा आरास तुम्ही मुलांनी करायची!’’ मग काय, पंच बाहेर काढायचा.

तेव्हा चला, आज आपण कागदाचा अख्खा वसंत तयार करू. अट एकच आहे आणि ती शेवटपर्यंत पाळायची: आधी झाड बघायचं, मग कागद कापायचा. असं का, ते पुढे कळेलच. पण त्याआधी या खट्-खट् करणाऱ्या दोस्ताच्या पोटात डोकावूया.

पंचाच्या पोटात

पंच उलटा करा. खालच्या पट्टीत फुलाच्या आकाराचं भोक दिसेल. आता हँडल अगदी हळू दाबा. वरून फुलाच्याच आकाराचा धातूचा ठोकळा खाली येतो आणि त्या भोकात बरोब्बर शिरतो. कारखान्यातले लोक वरच्या ठोकळ्याला ‘पंच’ म्हणतात आणि खालच्या भोकाला ‘डाय’. कापायचं काम ही जोडी मिळून करते.

घरी पुऱ्या करताना पोळी लाटून तिच्यावर वाटी दाबतात, ते पाहिलंय ना? तिथे वाटीची कड पोळपाटावर टेकते आणि मऊ कणीक मधल्यामध्ये चिरडून तुटते. पंचाचं तसं नाही. तो कागदाला कशावरही दाबत नाही. ठोकळा कागदाला खाली ढकलतो, डायची कड त्याच वेळी कागदाला वरच अडवून धरते आणि या ओढाताणीत कागद कडेकडेने कातरला जातो. कात्रीची दोन पाती एकमेकांना घासून जातात तेव्हा नेमकं हेच घडतं. म्हणजे पंच ही फुलाच्या आकाराची कात्रीच झाली!

आता या कात्रीची खरी करामत बघा. वहीचा किंवा झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. खोटं वाटत असेल तर ५०० कागदांचं नवं पाकीट पट्टीने मोजा. जाडी सुमारे ५ सेंटिमीटर भरेल. ५ सेंटिमीटर भागिले ५००, झालं उत्तर! आता ठोकळा आणि डाय यांच्यात ०.१ मिलिमीटरची फट राहिली, तर कागद कातरला न जाता वाकून त्या फटीतच शिरेल. म्हणून दोघांमधली फट कागदाच्या जाडीपेक्षा खूपच कमी ठेवावी लागते, आणि तीही फुलाच्या प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक कोपऱ्यात. एवढं नेमकं काम असलेलं हत्यार आपल्या कंपासपेटीत मावतं!

पतंगाचा कागद पंचात का अडकतो, तेही आता तुम्हीच सांगू शकाल. तो इतका पातळ आणि लुळा असतो की बारीकशा फटीतही वाकून घुसतो. मग फूल फाटतं, पाकळीचे धागे लोंबत राहतात. यावर उपाय सोपा आहे. पतंगाच्या कागदाखाली साधा कागद धरा आणि दोन्ही एकदम कापा. खालचा कागद वरच्याला ताठ धरतो आणि फूल स्वच्छ सुटतं. पंच बोथट वाटायला लागला तर हार्डवेअरच्या दुकानातला बारीक पॉलिश पेपर त्यात घालून चार-सहा फुलं कापा, धार थोडी सुधारते. हँडल अडकत असेल तर मेणकागदातून काही फुलं कापा. मेणाने ठोकळा सहज सरकायला लागतो.

हँडलवाल्या पंचात आणखी एक विज्ञान लपलंय. ते शाळेत भेटलं असेल: तरफ. हँडलच्या एका टोकाला बिजागरी, तिच्याजवळ ठोकळा आणि दुसऱ्या टोकाला आपला हात. बिजागरीपासून ठोकळ्याचं जेवढं अंतर, त्याच्या चौपट अंतरावर हात असेल, तर चौथ्या हिश्शाच्या जोरात काम भागतं. करूनच बघा. लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या. एकदा हँडलच्या टोकाला दाबा आणि एकदा बिजागरीच्या जवळ. दुसऱ्या वेळी अंगठा लाल होईल!

बालदिनाच्या तारखेचं पेटंट

ऑफिसात फायलीला कागद लावायला जे दोन भोकांचं पंचिंग मशीन वापरतात, ते आपल्या फुलांच्या पंचाचं नातेवाईक. जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडरिश झोनेकेन नावाचे एक उद्योजक कागद आणि लेखनसामानाच्या धंद्यात होते. त्यांनी १४ नोव्हेंबर १८८६ रोजी कागदाला भोकं पाडणाऱ्या आपल्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. तारीख पाहिलीत? आपला बालदिन! तेव्हा अर्थात बालदिन नव्हता, पण लक्षात ठेवायला किती सोपं.

आज या दोन भोकांसाठी एक ठरलेलं आंतरराष्ट्रीय माप आहे. दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर ८ सेंटिमीटर आणि प्रत्येक भोक सुमारे ६ मिलिमीटर रुंद. म्हणूनच नागपुरात भोकं पाडलेला कागद जर्मनीतल्या फायलीत नीट बसतो. घरातली एखादी फाइल काढा आणि पट्टी लावून बघा.

कागद कापून वसंताचं स्वागत करायची रीत मात्र यंत्रापेक्षा खूप जुनी आहे. चीनमध्ये नव्या वर्षाच्या सणाला वसंतोत्सव म्हणतात. त्या वेळी लाल कागदातून फुलं, पक्षी, मासे कापून घराच्या खिडक्यांवर चिकटवतात. शिनच्यांग प्रांतातल्या तुर्फान इथे कागदाच्या कापीव गोल नक्ष्या सापडल्या आहेत. त्या सुमारे १५०० वर्षांपूर्वीच्या आहेत आणि त्यांत घोड्यांच्या आणि माकडांच्या जोड्या आहेत. जोड्या का? कागद घडी घालून कापला की एका कापात दोन घोडे मिळतात! चीनची ही कला २००९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली.

मेक्सिकोतले कारागीर तर कात्री वापरतच नाहीत. ते पतंगाच्या कागदासारख्या पातळ कागदांची पन्नासेक ताव उंच चळत रचतात आणि तिच्यावर छोट्या छोट्या छिन्न्या हातोडीने ठोकत जातात. एकदा ठोकलं की पन्नास कागदांना एकदम भोक! त्यांच्या पताका सणासुदीला रस्त्यांवर टांगतात. पातळ कागद एकटा कापायचा नाही, चळतीने कापायचा, ही युक्ती तुम्हाला आता ओळखीची वाटत असेल.

मधमाशीचं गणित

आता कामाला लागू. पण कागद वाया घालवायचा नाही. तुमच्याकडे अडीच सेंटिमीटर रुंदीचा गोल पंच आहे आणि ए-फोर आकाराचा एक कागद, म्हणजे २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब. त्यातून किती चकत्या निघतील?

एकाखाली एक अशा सरळ रांगा धरल्या तर रुंदीत ८ आणि लांबीत ११, म्हणजे ८८ चकत्या. आता जरा वेगळं करू. कागद आडवा धरा. पहिल्या रांगेत ११ चकत्या. दुसरी रांग अर्ध्या चकतीने पुढे सरकवा, म्हणजे तिची प्रत्येक चकती वरच्या दोन चकत्यांच्या मधल्या खाचेत बसेल. अशा रांगा एकमेकींच्या जवळ सरकतात. त्यामुळे कागदावर ८ ऐवजी ९ रांगा मावतात आणि ९ गुणिले ११ होतात ९९. अगदी चिकटून चिकटून कापता आलं तर त्याच कागदातून ११ चकत्या जास्त!

खाचेत खाच बसवायची ही मांडणी मधमाशीच्या पोळ्यात दिसते. तिथे प्रत्येक घराभोवती सहा घरं असतात. तुमच्याही प्रत्येक मधल्या चकतीभोवती सहा चकत्या येतील, मोजून बघा.

एक अडचण मात्र येते. पंचाचं तोंड लहान असतं, कागदाच्या मध्यापर्यंत ते पोचत नाही. म्हणून कडेपासून सुरुवात करायची, एक रांग झाली की उरलेली झालर कापून टाकायची आणि पुढची रांग घ्यायची. पंच नेहमी उलटा धरून कापा. म्हणजे डायच्या भोकातून कागद दिसतो आणि फूल नेमकं कुठे पडणार ते आधीच कळतं.

पाकळ्या मोजल्यात का?

आता आपली अट आठवा. आधी झाड.

दुकानातले बहुतेक फुलांचे पंच पाच पाकळ्यांचे असतात. वसंतात बाहेर जाऊन खरी फुलं पाहा. सावरीचं लालभडक, जाड फूल खाली पडलेलं असेल तर उचला: पाकळ्या पाच. बहावा: पाच. सदाफुली: पाच. जास्वंद: पाच. म्हणजे पंचवाल्याचं बरोबर आहे तर! पण थांबा. पाकळ्या पाच असल्या म्हणून फुलं सारखी झाली का?

सदाफुली. हे फूल अगदी समोरून बघा. प्रत्येक पाकळी एका बाजूला जरा जास्त फुगलेली असते, त्यामुळे फूल भिरभिऱ्यासारखं एका दिशेला फिरतंय असं वाटतं. ७२ अंशांतून फिरवलं की ते पुन्हा पहिल्यासारखंच दिसतं, कारण ३६० भागिले ५ म्हणजे ७२. पण फुलाच्या मधोमध आरसा उभा केलात तर दोन्ही बाजू जुळत नाहीत. फिरवलं तर जुळतं, आरशात जुळत नाही! पंचाच्या साध्या फुलात मात्र दोन्ही जुळतं. मग सदाफुली कशी करायची? गुलाबी फूल कापा आणि प्रत्येक पाकळीची फक्त उजवी कड पेन्सिलीवर गुंडाळून वर वळवा. पाचही पाकळ्यांची उजवीच, हं! बघा, फूल फिरायला लागेल. मग बागेतल्या सगळ्या सदाफुल्या एकाच दिशेला फिरतात की काही उलट्याही असतात, ते तुम्ही शोधून काढा.

बहावा. पिवळ्याधमक फुलांचे लोंबते घोस. एक घोस नीट न्याहाळा. देठाकडची, म्हणजे वरची फुलं पूर्ण उमललेली असतात. खाली खाली जावं तशी फुलं अर्धी मिटलेली, मग टपोऱ्या कळ्या आणि अगदी टोकाला हिरवट बारीक मणी. घोस टोकाकडून वाढत जातो, म्हणून सगळ्यात धाकट्या कळ्या टोकाला. कागदाचा बहावा करायचा तर लहान, मध्यम, मोठा असे तीन आकारांचे पंच घ्या. दोऱ्यावर वर मोठी फुलं, मध्ये मध्यम, खाली लहान आणि शेवटी ऑफिसच्या पंचिंग मशीनमधून पडलेल्या इवल्या चकत्या चिकटवा. हिरवट-पिवळ्या चकत्या मिळाल्या तर उत्तमच. फुलाच्या मध्ये दहा पुंकेसर असतात, त्यांतले तीन लांब आणि बाकदार. पिवळ्या दोऱ्याचे तेवढे तीन लावलेत तरी बहावा ओळखू येतो.

ताम्हण. आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल. वैशाखात झाड जांभळ्या फुलांनी भरून जातं. याच्या पाकळ्या मोजल्यात तर पाचवाल्यांची फजिती होते, कारण ताम्हणाला बहुतेक वेळा सहा पाकळ्या असतात. शिवाय त्या सपाट नसतात, चुरगळलेल्या असतात आणि तळाशी प्रत्येक पाकळीला बारीक देठ असतो. इथे पाच पाकळ्यांचा पंच बाजूला ठेवायचा आणि पानाच्या आकाराचा घ्यायचा. जांभळा कागद आधी मुठीत घट्ट चुरगळा, मग थोडासा उलगडा आणि त्यातून सहा पानं कापा. टोकाशी चिमटून ६०-६० अंशांवर गोलात लावा, मध्ये पिवळे केसर. चुरगळलेल्या कागदाचंही एवढं सुंदर फूल होतं!

पळस. पाने तीनच, हे तुम्ही ऐकलंय. पण पाकळ्या पाच, आणि पाचही सारख्या नाहीत. एक मोठी पाकळी मागे उभी, दोन बाजूंना आणि दोन एकमेकींना जोडून पोपटाच्या चोचीसारख्या वाकलेल्या. हे फूल कसंही फिरवलंत तरी जुळणार नाही. फक्त मधोमध उभी रेघ ओढली तर डावी-उजवी बाजू जुळते. दुकानात पळसाचा पंच मिळणं कठीणच. मग बदामाच्या आकाराचा एक केशरी तुकडा मागे लावा, पानाच्या आकाराचे दोन बाजूंना आणि एक पान मधोमध दुमडून पुढे चोच करा. तळाला गडद तपकिरी कागदाची वाटी. झाला पळस!

अशी एकच उभी रेघ फुलपाखरातही असते. फुलपाखराचा पंच असेल तर काळ्या कागदातून एक कापा, मध्ये घडी घालून पंख उचला आणि पंखांवर फिकट निळे ठिपके काढा. हे झालं नीलवंत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. आपलं राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे भारतातलं पहिलं राज्य.

आणि हो, फुलावर फूल चिकटवून दुपदरी फूल करताना तुम्ही काय करता? वरचं फूल थोडं फिरवता, म्हणजे वरच्या पाकळ्या खालच्या दोन पाकळ्यांच्या मधल्या जागेत येतात. ७२ च्या निम्मे, म्हणजे ३६ अंश. आता जास्वंदीचं फूल मागून बघा. हिरवी निदलं पाकळ्यांच्या अगदी मागे नसतात, दोन पाकळ्यांच्या मधल्या जागेत असतात. कळीत एक पदर तयार झाल्यावर पुढच्या पदराला मोकळी जागा मधल्या फटीतच सापडते. बहुतेक फुलं अशीच रचलेली असतात. झाड कोनमापक न लावता हा कोन साधतं!

पाण्यावर उमलणारं कागदी फूल

आता खास प्रयोग. चार-पाच सेंटिमीटरचं मोठं फूल कापा. पाचही पाकळ्या आत दुमडून कळी करा आणि ताटलीत पाणी घेऊन कळी अलगद त्यावर ठेवा, घड्या वर. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.

एकेक पाकळी आपोआप उघडते!

कागद हा झाडाच्या बारीक बारीक तंतूंचा बनलेला असतो. त्या तंतूंमधल्या सूक्ष्म जागांतून पाणी चढत जातं. तंतू पाणी पितात, फुगतात आणि घडीच्या रेषेवर दाबले गेलेले तंतू फुगले की घडी सरळ व्हायला लागते. खऱ्या फुलाची रीत थोडी वेगळी असते. तिथे पाकळीच्या आतल्या बाजूच्या पेशी बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त वाढतात, म्हणून पाकळी बाहेर वळते आणि कळी उमलते. पण त्या पेशी ताणल्या जातात त्याही पाण्याच्याच जोरावर.

आता शर्यत लावा. एक कळी वर्तमानपत्राची, एक झेरॉक्सच्या कागदाची, एक चकचकीत लग्नपत्रिकेची. कोण आधी उमलेल? आधी अंदाज वहीत लिहा, मगच पाण्यात सोडा. एक सूचना देतो. लिहायच्या आणि छापायच्या कागदावर शाई पसरू नये म्हणून कारखान्यात खास लेप देतात. वर्तमानपत्राच्या कागदाला त्याची फारशी गरज नसते. बाकीचं तुम्ही ओळखा.

तंतूंची आणखी एक गंमत आहे. कागद यंत्रावर तयार होताना पुढे पुढे धावत असतो, त्यामुळे बरेचसे तंतू धावण्याच्या दिशेला लोळतात. झेरॉक्सच्या कागदातून एक लांब पट्टी उभी कापा आणि तेवढीच एक आडवी. दोन्ही एकत्र टोकाशी धरा. एक ताठ राहील, दुसरी मान टाकेल. तंतू जिच्या लांबीला धरून आहेत ती ताठ. पाकळ्यांना गोलाई देतानाही हे उपयोगी पडतं. एका बाजूने कागद सहज वळतो, दुसऱ्या बाजूने कुरकुरतो. कुरकुरला तर फूल थोडं फिरवून वळवा.

भोकं फेकू नका!

फुलं कापून झाली. आता कागदात राहिलेल्या भोकांकडे बघा. प्रत्येक ‘खट्’ला आपल्याला दोन वस्तू मिळतात, एक फूल आणि एक फुलाच्या आकाराची रिकामी जागा. दुसरी वस्तू आपण कचऱ्यात टाकतो.

जाड पुठ्ठ्यात भोकं पाडलीत तर रांगोळीचा छाप तयार झाला. जमिनीवर ठेवा, रांगोळी पसरा, अलगद उचला. चैत्रांगणाची किनार पाच मिनिटांत होईल. मथुरा-वृंदावनात सांझी नावाची कला आहे. तिथले कलाकार कागदात बारीक नक्षी कापून अशाच छापांनी रंगांची चित्रं भरतात. आणि भोकांच्या लांब पट्ट्या खिडकीत टांगल्या तर ऊन आत येताना फुलं घेऊन येतं.

उन्हावरून आठवलं, हा शेवटचा प्रयोग तुम्हाला थक्क करेल. लहान आरसा घ्या. पुठ्ठ्यात चांदणीच्या आकाराचं सुमारे एक सेंटिमीटरचं भोक पाडा आणि त्या पुठ्ठ्याने आरसा झाका. खिडकीतल्या उन्हात आरसा धरून उजेडाचा कवडसा आधी वीतभर अंतरावरच्या कागदावर पाडा. काय दिसलं? चांदणी. आता तोच कवडसा पाच-सहा मीटर दूरच्या सावलीतल्या भिंतीवर टाका.

चांदणी गायब! तिथे गोल चकती दिसेल. भोकाला कोपरे असताना कवडसा गोल कसा? कारण दूरच्या भिंतीवर पडते ती भोकाची आकृती नसते, ती सूर्याची प्रतिमा असते! ही प्रतिमा किती मोठी येते, त्याचाही हिशोब आहे: भोकापासून भिंतीपर्यंतचं अंतर भागिले सुमारे १०८. म्हणजे ५.४ मीटरवर साधारण ५ सेंटिमीटरचा सूर्य. चांदणीऐवजी फूल घ्या, बदाम घ्या, चौकोन घ्या. लांबवर सगळ्यांचा सूर्यच होतो.

हे करताना दोन गोष्टी पक्क्या पाळा. सूर्याकडे किंवा आरशातल्या सूर्याकडे थेट बघायचं नाही आणि कवडसा कुणाच्याही डोळ्यांवर पाडायचा नाही. शेजारी मोठं माणूस असू द्या.

आता आंब्याखाली किंवा वडाखाली जाऊन जमिनीवरचे कवडसे बघा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी उंच झाडाखालचे बरेच कवडसे गोलसर दिसतात. तेही सूर्याचे फोटोच! २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसलं. तेव्हा झाडाखालच्या कवडशांच्या चंद्रकोरी झाल्या होत्या. मोठ्या भावंडांना विचारा, कुणीतरी पाहिल्या असतील.

ओळखा पाहू!

आता आरास मांडा. चिकटवायला मैद्याची खळ पुरते. प्लॅस्टिकची चमकी नको, ती मातीत वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. साध्या कागदाचे तुकडे मात्र मातीत मिसळून जातात. खाली सांडलेल्या चकत्या गोळा करून डबीत ठेवा, बहाव्याच्या कळ्यांना लागतील.

आणि मग हा खेळ खेळा. आराशीतल्या कुठल्याच फुलाखाली नाव लिहू नका. हळदीकुंकवाला येणाऱ्या आजी, काकू, मावशी, शेजारचे दोस्त, सगळ्यांना विचारा, ‘‘हे कुठल्या झाडाचं फूल?’’ नुसतं ‘छान फूल’ म्हणाले तर चालणार नाही, झाडाचं नाव सांगायला हवं. पंच तर सगळ्यांना एकसारखं फूल कापून देतो. त्या फुलाचा बहावा होणार की सदाफुली, हे ठरतं तुम्ही काय पाहिलंत त्यावर: किती पाकळ्या, कुठे वळलेल्या, कळ्या वर की खाली, केसर किती लांब.

त्यांनी चटकन ‘‘अगं बाई, हा तर बहावा!’’ म्हटलं, तर शाबास. त्यांना अडखळायला झालं, तर फूल हातात घ्या आणि थेट झाडाखाली जा. खऱ्या फुलाशेजारी ते धरा, काय राहून गेलं ते शोधा आणि नवं फूल कापा. बहावा मे महिन्यातही फुललेला असतो आणि ताम्हणाचा बहर तर वैशाखात असतो. भरपूर वेळ आहे!